रशियातला अधिकारी कोणाला घाबरतो?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडेच एका वाचकाने असे मत मांडले होते की, गोव्यातील तालुका कचेऱ्यांमधली दिरंगाई संपवायची असेल तर रशियासारखा खमका राज्यकर्ता हवा, कारण तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतः दूरचित्रवाणीवर बसून खेड्यापाड्यांतल्या माणसांची तक्रार ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रारदाराच्या दारापुढचा रस्ता दुरुस्त होतो. मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमल या किनारपट्टीत रशियन पाहुण्यांचा राबता जुना असल्याने आमच्या पेडणे तालुक्यात हे मत हॉटेलात चहा पितानाही ऐकू येते, आणि त्याला जोडून आणखी एक मत हमखास येते, ते म्हणजे रशियन माणूस मुळातच हुकूम मानणारा आहे. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. अर्जावर शेरा कसा पडतो, फाईल कोणाच्या टेबलावर का थांबते आणि कोणाच्या एका फोनने ती का हलते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्या अनुभवाच्या जोरावर रशियाविषयी वाचत आलो असता मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि पहिले तर आपल्यासाठी धोक्याचेही वाटते.

ज्या कार्यक्रमाचे एवढे कौतुक होते तो व्लादिमीर पुतिन यांनी २००१ च्या डिसेंबरात सुरू केला. लोक दूरध्वनीने, पत्राने आणि पुढे मोबाइलच्या संदेशाने प्रश्न पाठवतात. त्यांची संख्या लाखांत जाते. त्यांतले काही डझन निवडले जातात आणि चार-चार तास चालणाऱ्या प्रक्षेपणात पुतिन त्यांना उत्तरे देतात. कोणाचे वेतन थकलेले असते, कोणाच्या गावाला पाइपलाइनचा गॅस पोहोचलेला नसतो, कोणाच्या इस्पितळात डॉक्टर नसतो. मग संबंधित प्रांताच्या गव्हर्नरला विचारणा होते, तो गडबडतो, आणि काम होते. युक्रेनशी युद्ध सुरू झाले त्या २०२२ साली मात्र हा कार्यक्रम झालाच नाही, म्हणजे विचारण्यासारखे सर्वांत जास्त असताना विचारण्याची ही सोयही उपलब्ध नव्हती. तरीही एखाद्याचे काम झाले हे खरेच आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मुद्दा असा की, गॅसच्या जोडणीसारख्या कामासाठी देशाच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत जावे लागते, याचा अर्थ मधल्या सगळ्या पायऱ्या कशासाठी आहेत, हा प्रश्न त्या कार्यक्रमात कोणीच विचारत नाही.

हे नीट कळण्यासाठी पिकाल्योवो या गावाची हकीकत पाहावी. सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वेला, लेनिनग्राद प्रांतात, वीस-बावीस हजार वस्तीचे हे गाव. सोव्हिएत काळात तिथे एकमेकांना जोडलेला एकच मोठा उद्योग होता. एका विभागाचा उरलेला माल हा दुसऱ्या विभागाचा कच्चा माल. खासगीकरणात त्याचे तुकडे होऊन ते तीन वेगवेगळ्या मालकांकडे गेले, कच्च्या मालाच्या दरावरून मालकांचे बिनसले, आणि २००८ च्या आर्थिक मंदीत तिन्ही कारखाने थंडावले. कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. देणी थकल्यामुळे गावचा गरम पाण्याचा पुरवठाही बंद पडला. लोक आधी नगर प्रशासनाकडे गेले, एका बैठकीत थेट आत घुसले. पण नगर प्रशासनाकडे कारखानदाराला दोन शब्द सुनावण्याचाही अधिकार नव्हता. शेवटी २ जून २००९ रोजी शेकडो लोकांनी जवळचा महामार्ग अडवला. दोनच दिवसांनी पुतिन, जे तेव्हा पंतप्रधान होते, हेलिकॉप्टरने गावात दाखल झाले. कॅमेऱ्यांसमोर त्यांनी मालकांना खडसावले, आपण येणार म्हटल्यावर तुम्ही झुरळांसारखे सैरावैरा का पळू लागलात असे विचारले, त्यांच्यातल्या अब्जाधीश ओलेग देरिपास्का यांना जवळ बोलावून करारावर सही करायला लावली, आणि सही करून परत निघालेल्या देरिपास्कांकडून स्वतःचे पेन मागून घेतले. थकलेले पगार त्याच दिवशी जमा होऊ लागले.

हा प्रसंग रशियात कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि त्याची चित्रफीत आजही फिरते. ती पाहणाऱ्याला समाधान वाटते, मलाही वाटले. परंतु सरकारी नोकराच्या सवयीने मी त्या चित्रात नसलेली माणसे मोजू लागलो. पगार थकला तर दखल घेणारे कामगार निरीक्षक कुठे होते? दिवाणी न्यायालय कुठे होते? कामगार संघटना, नगराध्यक्ष, प्रांताचा गव्हर्नर, प्रांतिक विधानसभेतला त्या भागाचा प्रतिनिधी, यांतल्या एकालाही लोकांनी निवडणुकीत घरी बसवण्याची भीती नव्हती, म्हणून त्यांपैकी एकानेही वेळेवर काही केले नाही. त्या दिवशी देरिपास्का घाबरले ते पुतिन यांना; पिकाल्योवोच्या कामगाराला ते आदल्या दिवशीही घाबरत नव्हते आणि नंतरही घाबरण्याचे कारण नव्हते. लोकांनी रस्ता अडवला तो तरी कारखानदार नमावा म्हणून कुठे अडवला होता? मॉस्कोला ऐकू जावे म्हणून अडवला होता. गावच्या लोकांना यंत्रणेची रचना अचूक ठाऊक होती, एवढाच त्याचा अर्थ.

अधिकारी वर पाहतो याचा याहून उघडा दाखला केमेरोवोत मिळाला. सैबेरियातल्या या शहरात २५ मार्च २०१८ रोजी एका व्यापारी संकुलाला आग लागली आणि ६० जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३७ मुले होती. गव्हर्नर अमान तुलेयेव घटनास्थळी गेलेच नाहीत. पुतिन तिथे पोहोचल्यावर तुलेयेव यांनी क्षमा मागितली ती पुतिन यांची, आपल्या प्रदेशात असे घडल्याबद्दल. प्रशासकीय इमारतीसमोर हजारो लोक तासन्‌तास उभे होते, त्यांची नव्हे. त्यांच्या हाताखालचे उपगव्हर्नर सेर्गेई त्सिव्हिल्योव त्या जमावात उतरले आणि गुडघे टेकून त्यांनी माफी मागितली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण यंत्रणा वाईट असली म्हणजे तिच्यातला प्रत्येक माणूस दगडाचा असतो असे नाही. तुलेयेव यांनी काही दिवसांत राजीनामा दिला. वीस वर्षांहून अधिक काळ ते त्या खुर्चीवर होते.

आणि लोक? एप्रिल २०२४ मध्ये उरल नदीला पूर येऊन ओर्स्क शहराचा बंधारा फुटला, हजारो घरे पाण्याखाली गेली. बंधारा अलीकडच्याच काळातला होता, त्याच्या देखभालीबद्दल आणि बांधकामाबद्दल गंभीर आक्षेप होते. संतापलेले लोक नगर प्रशासनाच्या इमारतीपुढे जमले आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या नावाने ‘लाज वाटू द्या’ अशा घोषणा देऊ लागले. त्याच जमावातून दुसरी घोषणा आली: ‘पुतिन, मदत करा!’ ज्या माणसाच्या हाती देशाची सगळी सूत्रे दोन तपांपासून आहेत, त्याच्याकडे त्याच्याच नेमणुकांची तक्रार, असा हा विचित्र प्रकार आहे. पण त्याला भोळेपणा म्हणून हसण्याआधी थांबावे. ओर्स्कमध्ये सरळ राष्ट्राध्यक्षांविरुद्ध घोषणा देणारा माणूस तुरुंगात गेला असता. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने स्थानिक अधिकाऱ्याला शिव्या देणारा माणूस सहसा घरी जातो. ही घोषणा श्रद्धेची जेवढी आहे तेवढीच हिशेबीही आहे.

या हिशेबाला जुना इतिहास आहे. राजा चांगला, सरदार मात्र वाईट, ही समजूत झारच्या काळात पक्की झाली आणि झारशाहीने ती सोयीस्करपणे जोपासलीही. पण तक्रारीचा तो मार्गही नेहमी मोकळा होता असे नाही. कॅथरीन दुसरीने १७६७ साली फर्मान काढून भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, आपल्या जमीनदाराविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे गाऱ्हाणे नेण्यास बंदी केली, आणि नेणाऱ्याला शिक्षा ठेवली. १९०५ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गचे कामगार धर्मगुरू गापोन यांच्या मागून, हातात देवांच्या आणि झारच्या तसबिरी घेऊन, विनंतीअर्ज द्यायला हिवाळी राजवाड्याकडे निघाले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. झार निकोलस त्या दिवशी राजवाड्यात नव्हतेच. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी, १९६२ च्या जूनमध्ये, नोव्होचेर्कास्क शहरातले इंजिन कारखान्याचे कामगार मांस आणि लोण्याच्या दरवाढीविरुद्ध संपावर गेले. त्यांच्या हातात लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी होत्या. तिथेही गोळीबार झाला. २६ जण ठार झाले, पुढे सात जणांना मृत्युदंड झाला, मृतदेह वेगवेगळ्या दूरच्या दफनभूमींत गुपचूप पुरले गेले, आणि देशाला या घटनेची अधिकृत वाच्यता सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या वर्षांपर्यंत ऐकायला मिळाली नाही. राजवट बदलली, तसबीर बदलली. मिरवणूक कशी काढायची याची लोकांची कल्पना आणि तिला उत्तर काय द्यायचे याची सत्तेची कल्पना मात्र बदलली नव्हती.

संपादक महाशय, आपल्या सदराशी संबंध असल्यामुळे एक गोष्ट इथे ओघात सांगतो. सोव्हिएत काळात वृत्तपत्रांना पत्र लिहिणे हा सामान्य नागरिकाचा तक्रारीचा एक महत्त्वाचा मार्ग होता. मोठ्या वृत्तपत्रांत त्यासाठी स्वतंत्र विभाग असत. गळके छत, दुकानातला गैरव्यवहार, उर्मट कारकून अशा विषयांवरची पत्रे संबंधित खात्याकडे पाठवली जात आणि काय कारवाई झाली ते वृत्तपत्रात छापलेही जाई. १९६८ साली तर अशा अर्जांवर महिन्याच्या आत निर्णय देण्याचा हुकूमच निघाला होता. छताबद्दल लिहिता येत होते. छताचा पैसा कोणी ठरवला, त्याला तो अधिकार कोणी दिला, आणि तो माणूस बदलता येतो का, याबद्दल मात्र लिहिता येत नव्हते.

आजच्या रशियातही तक्रारीचा कायदा कागदावर उत्तम आहे. २ मे २००६ रोजी झालेल्या कायद्यानुसार नागरिकाच्या अर्जाची नोंद तीन दिवसांत व्हावी लागते, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ती निकालासाठी पाठवण्यास स्पष्ट मनाई आहे. यातले तीस दिवस आपल्या माहिती अधिकाराशी जुळतात. परंतु प्रत्यक्षात मॉस्कोला पाठवलेला अर्ज प्रांताकडे येतो, प्रांताकडून जिल्ह्याकडे येतो, आणि जिल्हा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा अभिप्राय मागवून त्यावरच उत्तर बेततो. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ हा शेरा मी स्वतः हजारदा पाहिला असल्याने मला यात परके काही वाटले नाही. फरक आहे तो पुढच्या पायरीत. रशियातला तो कायदा उत्तर मिळण्याची हमी देतो, पण ते उत्तर खोटे ठरवायला लागणारी फाईल नागरिकाच्या हाती सहज देत नाही. गोव्यात पत्रकारांनी आणि नागरिकांनी झगडून माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आठ वर्षे आधी, १९९७ सालीच मार्गी लावला, तो याच फाईलसाठी. आपल्याकडे तो कायदा बोथट करण्याचे प्रयत्न होत नाहीत असे माझे म्हणणे नाही. पण फाईल मागणारा माणूस आणि विनवणी करणारा माणूस यांच्यासमोर अधिकारी वेगवेगळ्या पद्धतीने बसतो, हे मी खुर्चीच्या या बाजूने पाहिलेले आहे.

दुसरे मत, रशियन माणूस मुळातच आज्ञाधारक असल्याचे. हे म्हणणाऱ्यांनी शीयेसची माहिती घ्यावी. उत्तरेकडच्या आर्खांगेल्स्क प्रांतातले हे एक आडवळणी रेल्वे स्थानक. २०१८ च्या उन्हाळ्यात आसपासच्या शिकाऱ्यांना तिथले जंगल तोडून काही बांधकाम सुरू असल्याचे दिसले. चौकशीअंती कळले की मॉस्कोचा कचरा रेल्वेने हजार-बाराशे किलोमीटर वाहून तिथल्या दलदलीत टाकण्याची योजना आहे. स्थानिकांना कोणी विचारले नव्हते. लोकांनी तिथे तंबू ठोकले, उणे तीस अंशांच्या हिवाळ्यातही पहारे ठेवले, सुरक्षारक्षकांचा मार खाल्ला, दंड भरले. गव्हर्नर इगोर ओर्लोव यांनी विरोधकांना फडतूस लोक अशा अर्थाच्या शब्दाने हिणवले, तेव्हा आंदोलन आणखी पेटले. २०२० मध्ये ओर्लोव यांना जावे लागले आणि प्रकल्पही रद्द झाला. सोनसड्याच्या कचऱ्यावरून आणि मोलेच्या जंगलावरून आपल्याकडे काय झाले ते आठवणाऱ्या गोमंतकीयाला ही माणसे परकी वाटू नयेत.

येकातेरिनबुर्गमध्ये २०१९ च्या मे महिन्यात शहराच्या मध्यवर्ती उद्यानात चर्च बांधण्याच्या बेताविरुद्ध लोकांनी कुंपण पाडले. शेवटी जागा बदलली. बाश्कोर्तोस्तानमध्ये २०२० च्या ऑगस्टात सोडा कारखान्यासाठी कुशताऊ ही टेकडी फोडण्याचा बेत लोकांनी हाणून पाडला. निवृत्तीचे वय वाढवण्याची घोषणा सरकारने १४ जून २०१८ रोजी, म्हणजे विश्वचषक फुटबॉल स्पर्धा मॉस्कोत सुरू झाली त्याच दिवशी केली, बहुधा लोकांचे लक्ष मैदानावर असेल या अपेक्षेने. पुरुषांचे वय ६० वरून ६५ आणि स्त्रियांचे ५५ वरून ६३ होणार होते. असंतोष इतका वाढला की ऑगस्टअखेर पुतिन यांना दूरचित्रवाणीवर येऊन स्त्रियांसाठीची मर्यादा ६० वर आणावी लागली. त्याच सप्टेंबरात खाबारोव्स्क आणि व्लादिमीर या प्रांतांत सत्ताधारी पक्षाचे गव्हर्नर निवडणूक हरले. खाबारोव्स्कमध्ये निवडून आलेले सेर्गेई फुर्गाल यांना २०२० च्या जुलैत जुन्या खुनांच्या आरोपाखाली अटक करून मॉस्कोला नेले, तेव्हा आमचा गव्हर्नर निवडण्याचा हक्क आमचा आहे, असे म्हणत हजारो लोक कित्येक आठवडे दर शनिवारी रस्त्यावर उतरत होते. त्यांना जे हवे होते ते मिळाले नाही. फुर्गाल यांना पुढे २२ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांच्या जागी मॉस्कोहून दुसरा माणूस बसवण्यात आला. पण ही आज्ञाधारकता नव्हे.

रोजच्या जगण्यातल्या अविश्वासाचेही एक गमतीदार उदाहरण आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली आणि तिची डझनावारी चित्रणे जगाने पाहिली. ती वैज्ञानिकांनी टिपलेली नव्हती. साध्या मोटारचालकांच्या पुढच्या काचेला लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली होती. वाहतूक पोलीस खोटा गुन्हा लावतील, अपघातात समोरचा खोटी साक्ष देईल आणि न्यायालय कागदाशिवाय आपले ऐकणार नाही, या भीतीने रशियन चालकांनी तोपर्यंत मोठ्या संख्येने हे कॅमेरे बसवून घेतले होते. त्याच कारणाने तिथला माणूस कागद जपतो. आमच्या किनारपट्टीत घर भाड्याने घेणारे रशियन लोक साध्या पावतीवरही गोल शिक्का मागतात आणि घरमालक वैतागतात. पण ज्या देशात खासगी कंपन्यांना शिक्क्याच्या सक्तीतून २०१५ साली कुठे सूट मिळाली, तिथल्या माणसाने शिक्का मागितला तर त्याला बोल कसा लावणार? आमच्या आजोबांच्या पिढीनेही पोर्तुगीज अमदानीत रेजिदोर या गावच्या अधिकाऱ्यापुढे असेच कागद जपले होते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कागदांची कटकट रशियाने गेल्या पंधरा वर्षांत खरोखर कमी केली. २००९ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘गोसउस्लुगी’ या सरकारी संकेतस्थळावर आज दहा कोटींहून अधिक लोकांची नोंदणी आहे. पासपोर्ट, वाहन परवाना, मुलाच्या शाळेचा अर्ज, डॉक्टरची वेळ, सगळे तिथून होते, आणि एकखिडकी केंद्रांत पूर्वीच्या रांगा आणि ओरडणारे कारकून उरलेले नाहीत. आपल्याकडे जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा घरबसल्या निघू लागला तेव्हा लोकांना जसा आनंद झाला, तसाच तिथेही झाला. सोय मोठी आहे आणि लोक तिच्याबद्दल मनापासून चांगले बोलतात.

मात्र १४ एप्रिल २०२३ रोजी पुतिन यांनी सही केलेल्या कायद्याने सैन्यभरतीची नोटीस याच व्यवस्थेतून पाठवण्याची तरतूद केली. पूर्वी नोटीस हातात पडून सही घ्यावी लागे, आणि त्यामुळे दार न उघडण्याचा, गावी निघून जाण्याचा एक अलिखित मार्ग माणसाला उरे. आता ती इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत चढली की ठरावीक दिवसांनी बजावली गेली असे धरले जाते. देश सोडण्यास बंदी येते. हजर न राहिल्यास वाहन चालवणे, घराची नोंदणी करणे, कर्ज काढणे हेही थांबते. तत्पर सरकार आणि जबाबदार सरकार एकच समजणाऱ्यांनी या उदाहरणावर जरूर विचार करावा. टपालवाल्याची टाळाटाळ, कारकुनाचा आळस, हरवलेली फाईल, या ज्या गोष्टींना आपण रोज शिव्या देतो, त्यांच्या आडोशाला कित्येक रशियन कुटुंबांचे मुलगे पिढ्यान्‌पिढ्या लपलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याची घोषणा झाली तेव्हा लाखो लोक जॉर्जिया, कझाकस्तान अशा देशांत निघून गेले, आणि काही आपल्या किनाऱ्यावरही आले. भूदास पळून डॉन नदीच्या काठी कोसॅकांच्या मुलुखात किंवा सैबेरियात जात, त्या काळापासून सरकारशी भांडण्यापेक्षा त्याच्या कक्षेबाहेर निघून जाणे हा तिथल्या माणसाचा जुना उपाय आहे.

बोलण्याची किंमत तर आता सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवणारा कायदा आला. मॉस्कोतील एका प्रभाग परिषदेचे सदस्य अलेक्सेई गोरिनोव यांनी परिषदेच्या बैठकीत, युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण इथे मुलांच्या चित्रकलेची स्पर्धा कशी भरवायची, असा प्रश्न केला. त्यासाठी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. मी हे उदाहरण निवडतो ते शिक्षेच्या आकड्यासाठी नव्हे. गोरिनोव हे काही मोठे नेते नव्हते. ते आपल्याकडच्या पंचासारखे, उद्यानांचा आणि अंगणांचा कारभार पाहणारे लोकप्रतिनिधी होते, आणि ते सभागृहात, कामकाजाच्या विषयावर, इतिवृत्तात नोंद होत असताना बोलत होते.

इथे मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. रशियात लोक आणि सरकार यांच्या मध्ये असणारी ही खालची पायरी, जिथे माणूस अधिकाऱ्याला नावाने ओळखतो आणि पुढच्या वेळी पाडूही शकतो, ती प्रत्येक राजवटीने कधी ना कधी काढून घेतली आहे. झार अलेक्झांडर दुसरा याने १८६१ साली भूदासपद्धती रद्द केल्यावर १८६४ मध्ये झेम्स्त्वो नावाच्या स्थानिक संस्था सुरू केल्या. त्यांत जमीनदारांचे वजन जास्त होते, तरी खेड्यांत शाळा, दवाखाने, डॉक्टर आणि सांख्यिकी यांचे जे काम त्यांनी केले त्याला तोड नाही. पुढच्याच झारने १८९० मध्ये त्यांचे पंख छाटले आणि बोल्शेविकांनी १९१८ मध्ये त्या गुंडाळल्याच. सोव्हिएतांची स्थापना लोकांच्या समित्या म्हणून झाली, पण पक्षाने त्यांना पोकळ केले. शेतकऱ्याला तर १९३२ च्या अंतर्गत पासपोर्टच्या पद्धतीतून वगळून गावालाच बांधून टाकले, आणि सामूहिक शेतावरच्या माणसाला पासपोर्टचा हक्क मिळायला १९७४ साल उजाडावे लागले.

१९९३ च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमात, स्थानिक स्वराज्य संस्था या राज्यसत्तेच्या यंत्रणेचा भाग नाहीत, असे स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. ते वाक्य आजही तिथे आहे. पण २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेतील हत्याकांडानंतर, दहशतवादाशी लढण्याचे कारण देऊन, गव्हर्नरांच्या थेट निवडणुका रद्द झाल्या. २०१२ मध्ये त्या परत आणल्या, तेव्हा उमेदवाराला आधी स्थानिक लोकप्रतिनिधींच्या सह्या गोळा करण्याची अट घातली, आणि ते प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी सत्ताधारी पक्षाचेच असल्याने नको असलेला उमेदवार दारातच अडतो. बहुतेक मोठ्या शहरांत महापौर थेट निवडण्याची पद्धत हळूहळू बंद झाली. २०२० च्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्था आणि राज्यसत्ता मिळून ‘एकात्म सार्वजनिक सत्ता’ बनते, असे नवे कलम घातले. जुने वाक्य न पुसता त्याचा अर्थ पुसला. एवढे सगळे झाल्यावर गावचा रस्ता खचला तर माणसाने राष्ट्राध्यक्षांना दूरध्वनी करायचा नाही तर कोणाला करायचा? तक्रार-दरबार ही यंत्रणेतल्या दोषावरची दुरुस्ती असल्याचा भास होतो, पण त्या दोषाशिवाय तो दरबार भरूच शकत नाही.

आपल्याकडे मंत्र्यांचे जनता दरबार भरतात, तिथे अभियंत्याला भर सभेत झापले जाते आणि टाळ्या पडतात. मी अशा प्रसंगी कागदपत्रे घेऊन मागे उभा राहिलेलो आहे. झापला गेलेला अभियंता त्या दिवसापासून मंत्र्याच्या स्वीय सहायकाशी गोड बोलू लागतो; अर्जदाराशी त्याचे वागणे होते तसेच राहते. त्याउलट रविवारच्या ग्रामसभेत, कितीही गोंधळ असला तरी, पंचायत सचिवाला इतिवृत्त लिहावे लागते आणि सरपंचाला त्याच लोकांपुढे पुन्हा मते मागायला जावे लागते. आपल्या ग्रामसभांचे ठराव नगरनियोजन खाते किती मानते हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. त्यावर आपल्या दैनिकात पुष्कळ लिहून आले आहे.

मार्च २०२५ मध्ये रशियात स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा झाला. गाव आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांऐवजी जिल्ह्याची एकच पातळी ठेवावी, अशी त्याची दिशा आहे. बऱ्याच प्रांतांच्या विरोधामुळे जुनी पद्धत चालू ठेवण्याची मुभा शेवटी प्रांतांना द्यावी लागली. मंगोलियाच्या सीमेवरील आल्ताय प्रजासत्ताकाने ती मुभा वापरली नाही. तिथले प्रमुख आंद्रेई तुर्चाक हे मॉस्कोच्या राजकारणातून आलेले, सत्ताधारी पक्षाचे माजी सरचिटणीस. गावपरिषदा काढून दहा जिल्हे आणि एक शहर एवढाच कारभार ठेवण्याचे त्यांनी ठरवले, तेव्हा ज्या डोंगराळ मुलुखात एका खेड्याहून जिल्ह्याच्या गावी जायला अर्धा दिवस मोडतो, तिथले लोक सभा घेऊ लागले. जून महिन्यात त्यांनी चूया महामार्ग अडवला. पोलिसांनी काहींना धरून नेले, आणि प्रांतिक विधानसभेने कायदा मंजूर केला. तेलाच्या किंमती किंवा युद्ध याच्याशी या लोकांच्या मागणीचा संबंध नव्हता. दाखला देणारा, चराईचे कुरण ठरवणारा आणि रस्त्यावरचा बर्फ काढायला माणूस पाठवणारा गावचा प्रमुख गावातच राहावा आणि तो त्यांनी निवडलेला असावा, एवढेच ते मागत होते. गोव्याच्या एवढ्याशा भूमीवर १९१ ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या एकीचीही हद्द बदलायची म्हटली तर आपण मोर्चा काढतो. आल्तायच्या त्या गावकऱ्यांची बाजू समजायला आपल्याला रशियन भाषा येण्याची गरज नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त महसूल कर्मचारी,
मांद्रे, पेडणे